ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (माहेरचे आडनाव केळकर, १९ एप्रिल, इ.स. १८९२ – ३१ ऑगस्ट, इ.स. १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ, लेखिका आणि संपादक होत्या. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून भावनगर येथे त्यांनी बालशिक्षणाच्या कार्याला प्रारंभ केला. पुढे मुंबईत दादर येथे शिशुविहार, इ.स. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र आणि इ.स. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी विकासवाडी, असा त्यांच्या कार्याचा विस्तार झाला. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणापर्यंत जावे, हा त्यांच्या कार्याचा मध्यवर्ती विचार होता. त्यातून घडलेली ‘अंगणवाडी’ आज देशभर परिचित असली, तरी त्या शब्दातील ‘अंगण’ ही मुळात मुलांच्या खेळण्याची विचारपूर्वक निवडलेली जागा होती, हे बहुधा विसरले जाते.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी वातावरणातील होते. मुलींना शिकवावे की नाही हा प्रश्न त्या काळच्या बहुतेक घरांत वादाचा होता. केळकरांच्या घरी तो नव्हता. इ.स. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यांचा विवाह अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगी होती. हा संसार टिकला नाही आणि इ.स. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. विभक्त स्त्रीला समाजात स्थान नसलेल्या त्या काळात त्यांनी राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले आणि स्वतःच्या उत्पन्नावर मुलीसह स्वतंत्रपणे राहू लागल्या.

प्रतिष्ठेची आणि चांगल्या वेतनाची ही नोकरी त्यांनी फार काळ केली नाही. मुलीला कोणत्या शाळेत घालावे हा प्रश्न पुढे उभा होता आणि आसपासच्या शाळांतील घोकंपट्टी व छडी त्यांना मान्य नव्हती. त्याच सुमारास भावनगरच्या एका बालमंदिराविषयी त्यांच्या वाचनात आणि ऐकण्यात आले.

भावनगर

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी इ.स. १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांना मारिया मॉन्टेसरी यांचे ग्रंथ मिळाले आणि त्यांनी वकिली सोडून दिली. मुलांच्या प्रश्नातून शिक्षणाकडे वळलेली ही दोन माणसे इ.स. १९२३ च्या सुमारास एकत्र आली. इ.स. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाचे काम आणि अध्यापक मंदिरातील प्रशिक्षण यांत ताराबाईंचा मोठा वाटा होता.

बालमंदिरात शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हते. मुलांनी काय करावे हे घंटेवर ठरत नसे. मॉन्टेसरींच्या साधनांबरोबरच तेथे संगीत, नाट्य, मातीकाम, बागकाम, भटकंती आणि विशेषतः गोष्टी यांना भरपूर जागा होती. मॉन्टेसरी यांना लहान वयात कल्पित, अद्भुत कथा देणे फारसे पसंत नव्हते. मुलाची बोटे आणि इंद्रिये प्रथम प्रत्यक्ष जगाशी जुळावीत, असे त्यांचे म्हणणे होते. गिजुभाईंनी या बाबतीत त्यांचे ऐकले नाही. भारतीय मूल आजीच्या मांडीवर राक्षस, पऱ्या आणि बोलणारे प्राणी यांच्या सहवासात वाढते आणि ते त्याच्यापासून हिरावून घेण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. ताराबाईंनी ही भूमिका स्वीकारली व ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांच्या पुढील काळातील प्रत्येक बालवाडीत बडबडगीत, गोष्ट आणि नाट्यीकरण यांचे स्थान साधनांच्या बरोबरीचे राहिले.

बालशिक्षणात बागेची कल्पना याच्याही आधीची आहे. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी ब्लांकेनबुर्ग येथे इ.स. १८३७ मध्ये सुरू केलेल्या संस्थेला १८४० मध्ये दिलेले ‘किंडरगार्टन’ हे नाव म्हणजे शब्दशः मुलांची बाग. तेथे प्रत्येक मुलासाठी जमिनीचा एक लहानसा वाफा राखलेला असे आणि सर्वांचा मिळून एक सामाईक भाग असे. मॉन्टेसरींच्या रोममधील पहिल्या बालगृहालाही (इ.स. १९०७) अंगण जोडलेले होते. परंतु भारतातील शहरी शाळांपर्यंत येईतो या दोन्ही पद्धतींतील बाग मागे पडली आणि साधनांचे कपाट पुढे आले. फ्रोबेलचे ठोकळे किंवा मॉन्टेसरीचे दंडगोल व मनोरे ठरावीक मापाचे, घोटीव आणि महाग असत. ते ज्या शाळांना परवडत त्या शाळांतली मुले सुखवस्तू घरांतली असत. ताराबाईंना ही विसंगती भावनगरातच जाणवू लागली होती. तिच्यावर उपाय करण्याची संधी मात्र बऱ्याच वर्षांनी आली.

मुंबईतील शिशुविहार

इ.स. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईस आल्या आणि दादर येथील हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. त्याला जोडूनच बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर होते. मराठी मध्यमवर्गात पूर्वप्राथमिक शिक्षण ही गरज म्हणून मान्य होण्यात शिशुविहाराचा मोठा हातभार लागला. गिजुभाईंचे इ.स. १९३९ मध्ये निधन झाले. त्यानंतर संघाची मुख्य जबाबदारी ताराबाईंवर आली. त्याच वर्षी मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या आणि युद्धामुळे इ.स. १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे पद्धतीचा प्रसार झाला, तसाच तिच्या शुद्धतेचा आग्रहही वाढला. ठरवून दिलेल्या साधनांत बदल करण्यास त्या आग्रहात वाव नव्हता. ताराबाईंचा मार्ग येथून वेगळा झाला. मॉन्टेसरींविषयी त्यांचा आदर कायम राहिला. मात्र साधन हे मुलासाठी असते आणि साधन मिळत नाही म्हणून मुलाला वगळता येत नाही, या निष्कर्षावर त्या आल्या.

बोरिवलीचे शिबिर

महात्मा गांधींची इ.स. १९४४ मध्ये सुटका झाली. त्यानंतर त्यांनी नयी तालीमची व्याप्ती शाळकरी वयाच्या अलीकडे, म्हणजे अगदी लहान मुलांपर्यंत वाढविण्याचा विचार मांडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत कस्तुरबांचे निधन झाले होते आणि त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या न्यासाने खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी ग्रामसेविका तयार करण्याचे काम हाती घेतले होते. असे एक शिबिर इ.स. १९४५ मध्ये बोरिवली येथे भरले. आज मुंबईचे गजबजलेले उपनगर असलेली बोरिवली त्या वेळी शहराच्या हद्दीबाहेर होती. बृहन्मुंबईत तिचा समावेश इ.स. १९५७ मध्ये झाला.

या शिबिरात ताराबाईंची अनुताई वाघ यांच्याशी गाठ पडली. अनुताई (१७ मार्च, इ.स. १९१० – २७ सप्टेंबर, इ.स. १९९२) यांचा तेराव्या वर्षी विवाह झाला होता आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. पुढे शिक्षण घेऊन त्या पुण्यात शिक्षिका झाल्या होत्या. ताराबाईंना खेड्यात काम सुरू करण्यासाठी सहकारी हवी होती. अनुताईंना खेड्यात काम करायचे होते. त्या वेळी ताराबाई ५३ वर्षांच्या आणि अनुताई ३५ वर्षांच्या होत्या. त्यांचा हा सहवास पुढे २८ वर्षे, ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत टिकला. बोर्डी व कोसबाड येथील कार्यात कोणता विचार कोणाचा हे वेगळे काढणे अवघड आहे. कल्पना आणि मांडणी ताराबाईंची, तर रोजची प्रत्यक्ष अंमलबजावणी अनुताईंची, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. ती सोयीची असली तरी अनुताईंवर थोडी अन्यायकारक आहे.

बोर्डी: अंगणातील बालवाडी

बोर्डी हे तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर जिल्ह्याच्या) डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. गुजरातच्या सीमेलगतच्या या भागात मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा चालतात. भावनगरात दीर्घकाळ राहिलेल्या ताराबाईंना ही अनुकूलता होती. गावात आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणकार्यकर्ते आधीपासून होते. किनाऱ्यालगत सुरूची झाडे आणि चिकूच्या वाड्या असलेल्या या समृद्ध पट्ट्याच्या पलीकडे वारली व अन्य आदिवासींचे दारिद्र्य होते. इ.स. १९४५ मध्येच याच परिसरात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता. बालशिक्षणाचे केंद्र काढण्यासाठी ही जागा आणि हा काळ, दोन्ही शांत नव्हते.

केंद्र सुरू झाले. परंतु ज्या मुलांसाठी ते काढले होते ती मुले येईनात. कारणे साधी होती. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील आणि पाड्यांवरील घरांत पाचसहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत असे, मुलगा गुरांमागे जात असे आणि आईवडील दिवसभर मजुरीवर असत. सुशिक्षित स्त्रिया मुलांना नेऊन काय करणार, हा संशयही होता. मुलांना बोलावत राहण्याऐवजी ताराबाई आणि अनुताई साहित्याची पिशवी घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण किंवा झाडाची सावली पाहून तेथेच मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची आणि मग खेळ, गाणी व गोष्टी सुरू करायच्या, असा क्रम ठरला. यालाच अंगण बालवाडी हे नाव पडले. गावातील मुख्य केंद्र ही मध्यवर्ती बालवाडी.

अंगणाची ही निवड निव्वळ नाइलाजाने झाली असे समजणे चुकीचे होईल. अंगण मुलाच्या ओळखीचे असते, त्यामुळे ते बुजत नाही. आई किंवा आजी घरकाम करता करता काय चालले आहे ते पाहू शकते आणि तिचा संशय फिटतो. सारवलेली जमीन बसायला स्वच्छ असते, तिच्यावर रांगोळीने किंवा खडूने रेघ काढता येते आणि त्या रेघेवरून तोल सावरत चालण्याचा खेळ करता येतो. कडेला माती, पाणी आणि झाड असते. मुलाला चढणे, लोंबकळणे, उकरणे, ओतणे, लपणे आणि काहीतरी ‘मांडणे’ या ज्या गोष्टी कराव्याशा वाटतात, त्यांसाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही.

साधनांचा प्रश्नही येथेच सुटला. लहानमोठेपणाची जाण देण्यासाठी समुद्रकाठचे शंखशिंपले आणि नदीनाल्यातील गोटे होते. रंगांच्या छटा ओळखण्यासाठी पाने आणि फुले होती. वर्गीकरणासाठी चिंचोके आणि इतर बिया, मोजणीसाठी खडे, नाद ओळखण्यासाठी बिया घातलेली भोपळ्याची वा बांबूची खुळखुळी. मॉन्टेसरी पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरविते. येथे ते ओल्या वाळूत बोटाने अक्षर काढू शकत होते. प्रत्येक साधनामागील हेतू तपासून, तो हेतू साधणारी पण परिसरात फुकट मिळणारी वस्तू शोधणे, ही ताराबाईंची रीत होती. साधन मोडले तर मूल रडत नाही आणि शिक्षिका रागावत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ. महाग साधन असलेल्या शाळेत ते पुष्कळदा कपाटातच सुरक्षित राहते.

या पद्धतीलाही मर्यादा होत्या. पावसाळ्यात अंगण वापरता येत नसे आणि मग पडवी किंवा ओटी शोधावी लागे. गोळा केलेल्या वस्तू श्रेणीबद्ध लावण्यासाठी शिक्षिकेकडे पद्धतीची खरी समज असावी लागे. ती नसेल तर शिंपल्यांचा ढीग हा केवळ ढीगच राहतो. म्हणूनच ताराबाईंनी बालसेविकांच्या प्रशिक्षणाला बालवाडीइतकेच महत्त्व दिले. स्थानिक स्त्रियांना शिकवून त्यांच्याच वस्तीत कामाला लावणे हा त्यांच्या योजनेचा कणा होता.

कोसबाड: विकासवाडी आणि कुरणशाळा

इ.स. १९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले. येथे भोवताली वारल्यांचे पाडे होते आणि प्रश्न अधिक कठीण होता. बालवाडीत रमलेले मूलही सहासात वर्षांचे झाले की कामाला लागे आणि शाळेतून गळत असे. गळतीचा दोष पालकांच्या अज्ञानाला देण्याची सरकारी कागदपत्रांची सवय होती. ताराबाईंनी मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिले.

त्यातून विकासवाडीची रचना झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीने तान्हे मूल पाळणाघरात ठेवावे, मधले बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे, अशी ही सोय होती. वरवर पाहता ही केवळ जागेची आखणी. परंतु एका घरातील तीन मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करणारी दुसरी युक्ती त्या काळी कोणाला सुचली नव्हती.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना राखणदार मुलांना बराच वेळ मोकळा असतो. शिक्षकाने त्या वेळी कुरणावर जावे, झाडाखाली बसावे आणि तेथेच वाचन, लेखन, गणित व निसर्गाची ओळख करून द्यावी, अशी ही कल्पना. वेळापत्रक गुरांच्या चरण्यावर आणि शेतीच्या हंगामावर अवलंबून असे. या मुलांना झाडे, पक्षी, कीटक आणि पाऊस यांचे ज्ञान शिक्षकांहून अधिक होते. ते ज्ञान शाळेत कमीपणाचे न मानता तेथूनच धड्याची सुरुवात करावी, असा आग्रह होता. दिवसा मोकळीक नसलेल्यांसाठी रात्रीचे वर्गही चालविले जात.

या प्रयोगांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले, तरी कुरणशाळेचे अनुकरण फारसे झाले नाही. शिक्षकाने वर्गाबाहेर जाऊन हिंडावे ही अपेक्षा सरकारी शाळाव्यवस्थेला पेलणारी नव्हती.

लेखन, सार्वजनिक कार्य आणि सन्मान

ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन दीर्घकाळ केले. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ आणि ‘बिचारी बालके’ ही त्यांची पालक व शिक्षकांसाठीची पुस्तके होत. त्यांचे गद्य उपदेशाचा सूर टाळणारे आहे. मूल हट्ट करते तेव्हा मोठ्यांचे काय चुकले असावे, याचा शोध ते घेते. इ.स. १९४६ पासून काही वर्षे त्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. भारत सरकारने इ.स. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान दिला. ३१ ऑगस्ट, इ.स. १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

नंतरचा काळ

ताराबाईंच्या पश्चात अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य चालविले, त्यांना इ.स. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात या कार्याची हकिकत आली आहे. इ.स. १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली.

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर, इ.स. १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. या नावाचे मूळ बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगांत आहे असे सामान्यतः मानले जाते. नाव टिकले, परंतु योजनेचा भर पूरक आहार, लसीकरण आणि वजनाच्या नोंदींवर राहिला. खेळ व शिक्षण यांना दुय्यम स्थान मिळाले. कुपोषणाचे प्रमाण पाहता हा क्रम अनाठायी म्हणता येत नाही. मात्र घाटकोपर, अंधेरी यांसारख्या मुंबईच्या उपनगरांतील दाट वस्त्यांत अनेक अंगणवाड्या एखाद्या लहान खोलीत भरतात आणि तेथे अंगण असे नसतेच. दुसऱ्या टोकाला, याच उपनगरांतील नव्या गृहसंकुलांत आणि उद्यानांत मुलांसाठी आखलेल्या जागांमध्ये घसरगुंडी, झोपाळा आणि रबरी फरशी असते. माती, पाणी आणि सुटे गोटे मात्र अस्वच्छ किंवा धोक्याचे म्हणून वगळलेले असतात. ताराबाईंच्या अंगणातील बहुतेक साहित्य या जागांच्या नियमांत बसणारे नाही.

रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या जीवनावर आधारलेले आहे. त्यात त्यांच्या शिक्षणकार्यापेक्षा पती, पत्नी आणि मुलगी यांच्यातील ताण केंद्रस्थानी आहे.